तळेगांवच्या उमाबाईसाहेब दाभाडे

चाकणहून तळेगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंदोरी नांवाचें गांव लागतें. इंद्रायणीच्या कांठीं तेथें एका जुन्या गढीचे बुरूज व दरवाजा अजून उभे आहेत. आंत कडजाई देवीचें देऊळ आहे. सकाळच्या पाळीला निघालेल्या कारखान्यांच्या गाड्या या बुरुजांच्या शेजारून धुरळा उडवीत जातात, आणि त्या गाड्यांत आपल्या धर्मग्रामांतील मंडळीहि असते. ही गढी कोणाची, असें विचारल्यास पुष्कळजण शिवछत्रपतींचें नांव सांगून मोकळे होतात. वस्तुतः ती १७२०-२१ च्या सुमारास सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं बांधविली. खंडेरावांच्या मागें त्यांचें सेनापतिपद ज्यांनीं नांवानें नव्हे तर कामानें चालविलें, त्या त्यांच्या पत्नी उमाबाई.

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या देवळाचा व संस्थांचा वृत्तांत इतर लेखक देतीलच. आम्हीं असें योजिलें कीं, ज्या मुलुखांत आपण राहतों त्या मुलुखांतील एका थोर स्त्रीचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, त्याच्या मागून दुसरे कारखाने आले, आणि वसई, नगर, गोवें, मंगळूर, केरळ अशा ठिकठिकाणांहून आपलीं माणसें पोटापाण्यासाठीं येथें येऊन राहिलीं. कित्येकांची आतां तिसरी पिढी येथें नांदत आहे. ज्याच्या अंगणांत बिऱ्हाड थाटावें त्याच्या घराण्याची विचारपूस करावी, ही आपल्याकडील साधी रीत आहे. ती पाळण्यास आम्हांस थोडा उशीरच झाला म्हणावयाचा.

दाभाडे हे तळेगांवचे पाटील. येसाजी दाभाडे हे शिवछत्रपतींच्या पदरीं होते. त्यांचे पुत्र खंडेराव. १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाल्यावर राजाराममहाराजांना मोंगलांच्या कचाट्यांतून निसटून दूर कर्नाटकांत जिंजीस जावें लागलें. त्या बिकट प्रवासांत खंडेराव व त्यांचे बंधु शिवाजी हे दोघेहि महाराजांच्या सोबतीस होते, आणि त्या श्रमांतच शिवाजीचा अंत झाला, असें घराण्यांत सांगत आलेले आहेत. पुढें १७१७ सालीं शाहूमहाराजांनीं खंडेरावांना सेनापतिपदाचीं वस्त्रें दिलीं. पाटलाचें घर अशा रीतीनें राज्याच्या अष्टप्रधानांत जाऊन बसलें.

उमाबाई या नाशिक प्रांतांतील अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. अभोण्याहून सप्तशृंगीचा डोंगर जवळ आहे. त्या डोंगरावर देवीच्या ठाण्याकडे जाणारी वाट पूर्वीं फार अवघड होती. म्हातारीं माणसें व लेकुरवाळ्या बायका यांचे तेथें अत्यंत हाल होत. १७१० सालीं उमाबाईंनीं ती चढण दगडी पायऱ्यांनीं बांधून काढली. त्या पायऱ्या सुमारें ४७० आहेत आणि त्यांवर उमाबाईंचें नांव कोरलेलें आहे. ही गोष्ट आम्ही आरंभींच सांगतों याचें कारण तिचें साल. खंडेरावांस सेनापतिपद मिळण्यास तेव्हां अजून सात वर्षें होतीं. म्हणजे सत्ता व संपत्ति यांचा पूर येण्यापूर्वींच या बाईंच्या हातून एक मोठें व टिकाऊ काम झालेलें होतें, आणि तें सासरच्या नव्हे तर माहेरच्या डोंगरावर झालें होतें.

खंडेरावांचें कार्यक्षेत्र मुख्यत्वेंकरून खानदेश, बागलाण व गुजराथ हें होतें. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी रस्ता त्यांनीं अडवून धरला व सय्यद हुसेनअलीनें त्यांच्यावर पाठविलेल्या झुल्फिकारबेगाचा पुरता मोड केला. १७२० सालीं वऱ्हाडांत बाळापूर येथें झालेल्या लढाईंत त्यांच्या हाताखालील दमाजी गायकवाड या सरदारानें पराक्रमाची शर्थ केली, तेव्हां शाहूमहाराजांनीं त्यास समशेर बहादूर हा किताब दिला. हे गायकवाड मूळचे खेड तालुक्यांतील दावडीचे, म्हणजे चाकणच्या शेजारचेच. हा दमाजी लौकरच वारला आणि त्याचा पुतण्या पिलाजी त्याच्या जागीं आला. वाचकांनीं हें गायकवाड नांव ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

१७२९ सालीं खंडेराव मृत्यु पावले. त्र्यंबकराव, यशवंतराव व सवाई बाबूराव असे तीन पुत्र मागें राहिले. वडील पुत्र त्र्यंबकराव यांस सेनापतीचीं वस्त्रें मिळालीं, आणि लागलीच गुजराथेचा वाद पेटला. गुजराथेंतील चौथाईचा अंमल दाभाड्यांनीं स्वतःच्या तरवारीनें बसविलेला होता. परंतु १७३० सालीं चिमाजीअप्पांनीं गुजराथेचा मोंगल सुभेदार सरबुलंदखान याजकडून त्याच प्रांताच्या चौथाईचा करार पेशव्यांच्या तर्फे करून घेतला. हे चिमाजीअप्पा म्हणजे १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून वसई घेणारे. वसईकडून आलेल्या आमच्या वाचकांस त्यांची निराळी ओळख करून द्यावयास नको. ज्या शेतांत बापानें नांगर धरला तें शेत दुसऱ्यानें परस्पर खंडानें घेतलें, असें त्र्यंबकरावांस वाटलें तर त्यांत नवल नाहीं. मात्र रागाच्या भरांत त्यांनीं निजामाशीं संधान बांधलें, आणि येथें त्यांचा पक्ष दुबळा झाला. राज्याचा सेनापति राज्याच्या शत्रूशीं बोलणें लावतो, हें पेशव्यांस दाखवितां येऊं लागलें.

१ एप्रिल १७३१ रोजीं गुजराथेंत डभईच्या जवळ बाजीराव व त्र्यंबकराव यांची गांठ पडली. मराठ्यांचा पेशवा व मराठ्यांचा सेनापति एकमेकांवर चालून गेले, आणि दोघेहि एकाच छत्रपतीचे चाकर. सेनापतींची फौज अधिक होती. परंतु तिचा पुष्कळसा भाग आरंभींच फुटला. त्र्यंबकराव हत्तीवरून लढत राहिले. इतक्यांत त्यांस गोळी लागली व ते ठार झाले. पिलाजी गायकवाडाचा एक मुलगाहि त्याच रणांत पडला.

ही बातमी तळेगांवास आली तेव्हां उमाबाईंस विधवा होऊन दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. धाकटे पुत्र अजून लहान होते. ज्याच्या हातून मुलगा मारला गेला तो पुरुष राज्यांत सर्वांहून बलिष्ठ होता, आणि ज्याच्याकडे न्याय मागावयाचा त्या शाहूमहाराजांचा तोच उजवा हात होता. अशा स्थितींत उमाबाईंनीं सूड घेण्याचा निश्चय केला, असें सर्व बखरकार सांगतात. आम्हांस तो निश्चय स्वाभाविक वाटतो; त्यापुढें जें घडलें तें मात्र स्वाभाविक नव्हे.

शाहूमहाराज समजूत घालण्यासाठीं स्वतः तळेगांवास आले. एका सरदाराच्या विधवेच्या दारीं छत्रपतीनें चालून जावें, ही लहान गोष्ट नव्हे. बाजीरावांस त्यांनीं उमाबाईंच्या पायांवर घातलें, उमाबाईंच्या हातीं तरवार दिली व मुलाच्या बदला यांचें शीर घ्यावें म्हणून सांगितलें, अशी एक कथा सर्वत्र ऐकूं येते. ती तशीच्या तशी घडली असेल असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. परंतु कथा खोटी मानली तरी तिच्यांतील भाव खरा आहे. अपराध झाला हें राजानें कबूल केलें, आणि दंड द्यावा कीं न द्यावा हें त्या माउलीच्या मर्जीवर सोडलें. उमाबाईंनीं तरवार चालविली नाहीं. त्यांच्या अंतःकरणांत क्षमा उपजली कीं केवळ राजाज्ञेस मान दिला गेला, हें ज्यानें अंतःकरण पाहिलें तोच जाणे.

तडजोड अशी ठरली कीं, सेनापतिपद त्र्यंबकरावांचे बंधु यशवंतराव यांस द्यावें. माळवा पेशव्यांनीं पाहावा व गुजराथ दाभाड्यांनीं. मात्र गुजराथच्या वसुलाचा निम्मा हिस्सा सेनापतींनीं पेशव्यांच्या मार्फतीनें छत्रपतींच्या खजिन्यांत भरावा. यशवंतरावांच्या नांवें शिक्के झाले. कारभार उमाबाईंच्या हातीं आला. पुढें यशवंतराव वयांत आले तरी व्यसनांच्या आहारीं गेल्यामुळें तो त्यांच्या हातीं कधीं नीटसा गेलाच नाहीं. त्या काळच्या कायद्यांत सेनापति स्त्री असूं शकत नव्हती. पण सेनापतीचें काम वीस वर्षें एका स्त्रीनें केलें. हुकूम मुलाच्या नांवानें निघत व बुद्धि आईची असे.

त्या बुद्धीस परीक्षेचा प्रसंग लौकरच आला. १७३२ सालीं डाकोर येथें पिलाजी गायकवाडाचा दग्यानें खून झाला. गुजराथेचा नवा सुभेदार, जोधपूरचा राजा अभयसिंग, यानें तो करविला. दाभाड्यांचा गुजराथेंतील मुख्य आधार तुटला. आतां तो प्रांत हातचा जाणार असें दिसूं लागलें. तेव्हां उमाबाई स्वतः फौजेबरोबर निघाल्या. पिलाजीचा पुत्र दमाजी (हा दुसरा दमाजी) व कंठाजी कदम बांडे हे सरदार त्यांच्या सोबत होते. गुजराथच्या इतिहासकारांनीं ही फौज तीस हजारांची सांगितली आहे. अहमदाबादेस वेढा पडला. अभयसिंगास अखेरीस तह करावा लागला व चौथाई आणि सरदेशमुखी यांखेरीज अहमदाबादच्या वसुलांतून ऐंशीं हजार रुपये उमाबाईंस द्यावे असें ठरलें. १७३२-३३ ची ही मोहीम. तिच्याबद्दल शाहूमहाराजांनीं उमाबाईंस पायांत घालावयास सोन्याचे तोडे दिले असें सांगतात. पायांत सोनें घालण्याचा मान त्या काळीं राजघराण्याबाहेर कोणास सहसा मिळत नसे. सुतकांतून उठलेल्या स्त्रीनें अलंकार टाकावे हा रिवाज. येथें राजानेंच तिला अलंकार घातला, आणि तो शृंगाराचा नव्हता.

येथें आम्हांस त्याच काळांतील युरोपांतील एका राजस्त्रीची आठवण होते. इटलींतील पार्माच्या फार्नेसे घराण्यांत १६९२ सालीं एलिझाबेत्ता नांवाची राजकन्या जन्मली. हें घराणें आपल्या वाचकांस अगदींच परकें नाहीं. ज्या तिसऱ्या पौल पोपमहाराजांनीं १५३४ सालीं गोव्याचा धर्मप्रांत स्थापिला व १५४० सालीं येशूसंघास मान्यता दिली, ते याच फार्नेसे घराण्यांतील. एलिझाबेत्ता १७१४ सालीं स्पेनचा राजा पांचवा फिलिप याची दुसरी पत्नी झाली. राजास पहिल्या पत्नीचे पुत्र होते, म्हणून हिच्या मुलांस स्पेनच्या गादीची आशा नव्हती. राजा विषण्ण प्रकृतीचा, महिनेच्या महिने कोणाशीं न बोलणारा. तेव्हां राज्याचा गाडा राणीच हांकी. आपल्या मुलांस इटलींत कोठें तरी राज्य मिळावें यासाठीं तिनें सारें युरोप हालविलें. जानेवारी १७३१ मध्यें तिचे चुलते, पार्माचे शेवटचे फार्नेसे ड्यूक, निपुत्रिक वारले व तिचा पुत्र कार्लोस याच्या वांट्यास ती गादी आली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं डभईस त्र्यंबकराव पडले. एकीकडे एका मातेनें मुलासाठीं राज्य मिळविलें, दुसरीकडे एका मातेचा पुत्र राज्याच्या वांटणींत गेला, आणि या दोघींस एकमेकींचें नांवहि ठाऊक नव्हतें. १७३४ सालीं कार्लोस नेपल्स जिंकून तेथील राजा झाला. १७४८ च्या तहानें धाकटा फिलिप पार्मास बसला. पुरुषांच्या शिक्क्याखालीं राज्य चालविणाऱ्या स्त्रिया त्या शतकांत पूर्वेस होत्या तशा पश्चिमेसहि होत्या, आणि त्यांचें सर्व बळ एका माणसाच्या श्वासावर टांगलेलें असे, हेंहि दोहींकडे सारखेंच. फिलिप राजा १७४६ त मेला, आणि दुसऱ्याच वर्षीं सावत्र मुलानें एलिझाबेत्तेस माद्रिदमधून काढून सान इल्देफोन्सोच्या वाड्यांत नेऊन ठेविलें. उमाबाईंचा आधार शाहूमहाराज. ते १५ डिसेंबर १७४९ रोजीं साताऱ्यास निवर्तले.

मधल्या वर्षांविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. दमाजी गायकवाड गुजराथेंत बळावत गेला. तळेगांवाहून हुकूम जात व गुजराथेंतून पैसा येई, पण दर वर्षीं हुकुमांतील जोर थोडथोडा कमी व गायकवाडाचा वकूब थोडथोडा अधिक होत चालला. निम्म्या वसुलाचें जें कलम तहांत होतें तें दाभाड्यांनीं पाळलें नाहीं. शाहूमहाराजांनीं तगादा लावला नाहीं. ज्या घरांतून एक तरुण मुलगा त्यांच्या राज्याच्या भांडणांत गेला त्या घरास पैशासाठीं पिडावें असें त्या दयाळू राजास वाटलें नसावें. पण यामुळें एक कच्चें देणें वर्षानुवर्षें वाढत राहिलें, आणि तें माफ करणारा मनुष्य गेल्याबरोबर तें पक्कें झालें.

बाजीराव १७४० सालींच वारले होते; आतां त्यांचे पुत्र नानासाहेब पेशवे होते. त्यांच्यावर कर्जाचा डोंगर होता. त्यांनीं दाभाड्यांकडे गुजराथच्या निम्म्या वसुलाची मागणी केली. उमाबाईंचे कारभारी यादो महादेव निरगुडे यांनीं ती नाकारली. मग उमाबाई स्वतः पेशव्यांस भेटण्यास निघाल्या. भेट झाली ती आळंदीस, नोव्हेंबर १७५० मध्यें.

या भेटीपाशीं आम्हांस थोडें थांबावेसें वाटतें. एक बाजू एका वृद्ध विधवेची. दुसरी बाजू तिशींतल्या पेशव्यांची, ज्यांच्या पित्याशीं लढतांना तिचा मुलगा मेला. उमाबाईंचें म्हणणें असें कीं, १७३१ चा करार हा लढाईंत हरलेल्या घराकडून दडपणानें लिहून घेतलेला; तो न्यायानें बंधनकारक नाहीं. पेशव्यांचें म्हणणें असें कीं, करार तो करार, आणि राज्यास पैशाची तातडीची नड आहे. दोन्ही बोलण्यांत तथ्य होतें. उमाबाईंनीं त्याच कराराच्या जोरावर सेनापतिपद व गुजराथ एकोणीस वर्षें भोगिली होती. तेव्हां त्यांतील गोड तें घेऊन कडू तें नाकारणें सर्वस्वीं न्याय्य म्हणवत नाहीं. उलट, ज्या पेशव्यांनीं दुसऱ्याच्या जिंकलेल्या प्रांतांत स्वतःचा करार घुसविला त्यांनीं कराराच्या पावित्र्याची गोष्ट बोलावी, हेंहि तितकेंच चमत्कारिक. पेशवे बधले नाहींत. उमाबाई रिकाम्या हातानें तळेगांवास परतल्या.

त्याच सुमारास, २४ नोव्हेंबर १७५० रोजीं, साताऱ्यास ताराबाईंनीं आपला नातू म्हणून गादीवर बसविलेल्या रामराजास कैद केलें व पेशव्यांविरुद्ध उघड झेंडा उभारला. राजारामांच्या या विधवा राणी तेव्हां पंचाहत्तरीच्या घरांत होत्या. त्यांनीं उमाबाईंस हांक दिली आणि उमाबाईंनीं ओ दिली. येथें आम्हांस उमाबाईंची बाजू घेतां येत नाहीं. पेशवे मोंगलांच्या सरहद्दीवर गुंतलेले असतां घरांत आग लावणें हें राज्याच्या दृष्टीनें चुकीचें होतें, आणि बाहेरच्या शत्रूस तें सोईचें झालें. पण आळंदीहून जी वृद्ध स्त्री अपमान गिळून आली तिनें याहून निराळें काय करावयास हवें होतें, हें सांगणें आम्हांस कठीण जातें.

दमाजी गायकवाड पंधरा हजार फौज घेऊन गुजराथेंतून निघाला. पुण्यांत घबराट उडाली; पेशव्यांचें कुटुंब सिंहगडावर नेण्यांत आलें. मात्र दमाजी पुण्यावर न येतां साताऱ्याकडे वळला. निंब येथें त्यानें पेशव्यांच्या फौजेस मागें सारलें, पण १५ मार्च १७५१ रोजीं वेण्णा नदीच्या कांठीं त्र्यंबकराव पुरंदऱ्यांनीं त्याचा पराभव केला. दैवयोग असा कीं, उमाबाईंची बाजू बुडविणाऱ्या या सरदाराचें नांव त्यांच्या गेलेल्या मुलाचेंच होतें. पुढें नानासाहेब स्वतः लगबगीनें येऊन पोहोंचले. तहाचीं बोलणीं चाललीं असतां ३० एप्रिलच्या सायंकाळीं गायकवाडाच्या गाफील छावणीवर अकस्मात् हल्ला झाला. दमाजीपाशीं निम्मी गुजराथ व पंचवीस लाख रुपये मागण्यांत आले. आपण केवळ चाकर आहों, धन्याला विचारल्याविना देतां येत नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें. तें त्यानें अडचणींतून सुटण्यासाठीं दिलें असो कीं मनापासून दिलें असो, शब्द तरी खरे होते. धनी तळेगांवास होते. त्यावर्षीं मे महिन्यांत धन्यांसहि धरण्यांत आलें.

उमाबाई व त्यांचें कुटुंब प्रथम पुण्यास व मग लोहगडावर अटकेंत ठेवण्यांत आलें. जहागिरी व पदें काढून घेण्यांत आलीं. लोहगड हा तळेगांवाहून दूर नाहीं, तोहि मावळांतलाच. ज्या मुलुखांत आपल्या नांवानें दिवे लागत त्याच मुलुखांत त्यांना कैदेंत राहावें लागलें.

आतां गायकवाडाचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. १७५२ सालीं दमाजीनें पेशव्यांशीं निराळा तह केला. ताराबाई व दाभाडे यांचा पक्ष त्यानें सोडला, निम्मी गुजराथ देण्याचें कबूल केलें आणि स्वतः सुटला. त्या तहांत एक कलम असें होतें कीं, दाभाडे कुटुंबाच्या निर्वाहाचा खर्च दमाजीनें द्यावा. म्हणजे कालपर्यंत जो चाकर धन्याकडून नेमणूक घेत होता, त्याच्याकडून आतां धन्यानें पोटगी घ्यावयाची! वडोद्याचें जें वैभवशाली संस्थान पुढें १९४९ सालीं मुंबई राज्यांत विलीन होईपर्यंत टिकलें, तें दावडीच्या या शहाण्या माणसाच्या तहावर उभें राहिलें. सेनाखासखेल समशेर बहादूर असा किताब तेथील राजे अखेरपर्यंत लावीत. त्यांतील समशेर बहादूर हा किताब दाभाड्यांच्या झेंड्याखालीं लढतांना मिळालेला होता. आम्ही दमाजीस कृतघ्न म्हणणार नाहीं. कैदेंतल्या माणसाच्या तहाला कोणीं नांवें ठेवावीं? उमाबाईंचेंहि हेंच म्हणणें होतें, फक्त त्यांचें कोणीं ऐकिलें नाहीं.

एलिझाबेत्ता राणीस दैवानें पुन्हां हात दिला. १७५९ सालीं सावत्र मुलगा मेला, कार्लोस स्पेनचा राजा झाला, आणि तो येऊन पोहोंचेपर्यंत राज्याची मुखत्यारी या हद्दपार केलेल्या मातेकडेच आली. १७६६ पर्यंत ती जगली. उमाबाईंस तसा दिवस दिसला नाहीं. २८ नोव्हेंबर १७५३ रोजीं त्या पुण्यांत वारल्या. पुढच्याच वर्षीं यशवंतरावहि गेले. दाभाड्यांचें सेनापतिपद त्यानंतर नांवापुरतेंहि राहिलें नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. श्रावण महिन्यांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याचा मोठा प्रघात खंडेरावांनीं तळेगांवास पाडला होता. दूरदूरचे शास्त्री त्यासाठीं येत. त्र्यंबकरावांच्या मृत्यूनंतर तो पेशव्यांनीं पुण्यास नेला, आणि लाखों रुपयांची श्रावणमास दक्षिणा म्हणून पुण्याचें नांव सर्वत्र गाजलें. इंग्रजांच्या अमलांत त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिच्यांतूनच पुढें डेक्कन कॉलेज उदयास आलें. पुण्यास शिकलेल्या आमच्या मुलांनीं त्या कॉलेजाच्या दगडी इमारतीवरून जातांना या दानाचें मूळ तळेगांवच्या वाड्यांत आहे हें जाणावें.

उमाबाईंची समाधि तळेगांवांत आहे. तळेगांवच्या स्टेशनावर उतरून गांवांत गेल्यास ती सहज सांपडते, आणि रविवारच्या मिस्सेनंतर निघालेल्या मंडळीस दुपारच्या आंत जाऊन येतां येईल इतकीच ती आपल्यापासून दूर आहे. सप्तशृंगीच्या त्यांच्या पायऱ्यांवरून मात्र आजहि दर वर्षीं चैत्रांत लाखों माणसें चढतात, आणि म्हाताऱ्या बायका मधूनमधून टेकतात त्या त्याच दगडांवर.